काळी चार

मी पेट्या दुरुस्त करतो. पुलगावात, जिनिंगच्या मागे.
भजनी मंडळांच्या, शाळांच्या, एक-दोन कव्वालांच्या.
पियानोला हात लावला तो एकदाच,
कोळझरीच्या मिशन दवाखान्यात,
एप्रिल संपताना, लाकूडसुद्धा घोटभर पाणी मागतं तेव्हा.

एस्तेरबाई गोडघाटे, निवृत्त मेट्रन,
चष्म्याच्या दांडीला चिकटपट्टी गुंडाळलेली,
म्हणाल्या, सगळा नको,
एवढं दोन पानांचं वाजलं म्हणजे झालं.
पानांना पुठ्ठा नव्हता. ज्यानं रचलं त्याचं नाव
उंदरांनी केव्हाच खाल्लेलं.
खाली बारीक आकड्यांत साल तेवढं उरलं होतं,
एकोणीसशे अकरा.

शालिक, वॉचमन, दारात तंबाखू मळत :
"दोन पानं वाजवाले एवढं मोठं कपाट कायले लागते, बाप्पा?"

मागची फळी काढली.
आत सरकी, कापूस, तुरीची फोलं,
जचकीच्या वॉर्डातली गॉझ.
किती पिढ्यांनी संसार मांडला होता तारांखाली,
आणि मऊ हातोड्यांपैकी एकच कुरतडून नेला होता :
काळी चार, मधल्या सप्तकाची.

बाई वाजवून दाखवू लागल्या.
डावा हात दोनच ठिकाणी जायचा-यायचा,
पाळण्याची दोरी ओढावी तसा,
पाळण्यात कुणी नसताना.
उजवा पायरी पायरी उतरायचा,
शेवटच्या पायरीआधी बोट काळी चारवर पडायचं.
लाकडाचा टक्.
मग पुढे.
अकरा वेळा. मी मोजलं.

पेटीत सूर भात्यावर असतो.
हवा आहे तोवर हटत नाही, हट्टी पाहुण्यासारखा.
हा वाजला की निघालाच.
ठोका पडतो तेवढंच त्याचं येणं,
नंतर नुसतं जाणं,
आणि ते जाणंच ऐकायचं असतं, हे मला
बावन्नाव्या वर्षी कूलरच्या घरघरीतून कळलं.
उठून कूलर बंद केला.

संध्याकाळपर्यंत नमद्याचा तुकडा कापला,
सरसानं चिकटवला, तार ओढली.
काळी चार बोलली. स्वच्छ, जराशी ओली.

बाई पुन्हा बसल्या.
पहिल्यांदा सूर आला, बोटं अडखळली.
दुसऱ्यांदा आला, मान वळवून माझ्याकडे पाहिलं,
जणू न विचारता मी कुणाला घरात घेतलं.
पान अर्धं ठेवून हात मांडीवर.

बराच वेळ कडुनिंबात होले घुमत राहिले.
"सत्तावीस वर्षं," त्या म्हणाल्या,
"रात्रपाळी सुटली की हे वाजवायचे.
डॉक्टरीणबाई शिकवून गेल्या, तेव्हाच ती पट्टी मुकी होती.
वाटायचं, तिथं काहीतरी असणार.
रोज वेगळं वाटायचं."
मग, ताप किती आहे ते सांगावं तशा आवाजात :
"असं असेल, असं नव्हतं वाटलं.
काढता येईल?"

येतं. सगळंच काढता येतं.
नमदा खरवडला. शालिक हसला असावा.
शेवटच्या एसटीला वेळ होता,
त्यांनी परत वाजवलं.
दोरी. पाळणा. पायऱ्या.
टक्.

पण आता ती जागा रिकामी नव्हती.
तिथं काय आहे ते आम्हा दोघांनाही माहीत होतं,
आणि त्या तिथं थांबत होत्या, आधीपेक्षा जरा जास्त,
जखम धुताना पेशंटचा हात धरून थांबावं तशा.
अकराव्या वेळी बोट उचललंच नाही.
मी हत्यारं गोळा केली.

मजुरी मागायचं राहून गेलं.
नमद्याचा तुकडा खिशात तसाच घरी आला.
कपडे धुताना बायकोला सापडला,
तिनं खिडकीत वाळत ठेवला.
तिला वाटलं, कानातला बोळा असेल.